पूर येण्याआधी बोटीच्या मशीनचे ऑइल बघा

कृष्णा-वारणाकाठच्या गावांत पावसाळा तोंडावर आला की वैरण, धान्य, जनावरांची सोय अशा सगळ्याची चर्चा होते. शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेल्या बोटीची आठवण मात्र पाणी वेशीला लागल्यावरच होते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला बोटीची किंमत शिकवली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे जीव गेले. तिथे बोटीत माणसे जास्त झाली होती. मशीनच्या ऑइलचा तिथे संबंध नव्हता. पण भर प्रवाहात बोट हे किती नाजूक साधन आहे, हे त्या दिवशी कळले. अशा प्रवाहात मशीन बंद पडले तर वल्ह्यांचे काही चालत नाही.

अनेक ठिकाणी बोटीमागची मशीन म्हणजे आऊटबोर्ड जुनी, टू-स्ट्रोक पद्धतीची आहेत. त्यांचा घात बहुतेक वेळा ऑइलमुळे होतो.

चेंबर नसलेले इंजिन

आपल्या डिझेल इंजिनला खाली ऑइलचे चेंबर असते. पट्टी काढून पातळी बघता येते. टू-स्ट्रोकला असे चेंबर नाही. पेट्रोलबरोबर जेवढे ऑइल आत जाईल तेवढ्यावरच बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा चालतात, आणि ते ऑइल जळून जाते. म्हणून ऑइल थांबले की भरधाव मशीन काही मिनिटांतच जाम होते.

हे ऑइल दोन प्रकारे जाते. पहिला प्रकार जुन्या लुनासारखा, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. दुसरा आरएक्स-१०० मोटारसायकलसारखा, ऑइलची टाकी वेगळी आणि पंप हवे तेवढे ऑइल देतो. जॉन्सन व एव्हिनरूड या मशीनमध्ये १९८४ पासून आलेल्या पद्धतीत तर पेट्रोल आणि ऑइल एकाच पंपातून जाते. आपले मशीन कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी माहितीपुस्तकात बघून घ्यावे.

लक्षणे ओळखा

ऑइल कमी पडत असेल तर लोड आल्यावर मशीनचा जोर उतरतो, आवाज कर्कश होतो, प्लग पांढरट दिसतो. प्लगवर चंदेरी कण दिसले तर पिस्टन घासला आहे असे समजावे आणि मशीन पुन्हा सुरू करू नये. ऑइल जास्त झाले तर निळसर धूर फार येतो, प्लग काळा व ओला होतो, मशीन लवकर सुरू होत नाही. ‘धूर येतोय म्हणजे बिघाड’ म्हणून ऑइल कमी करणारे बरेच भेटतात. धूर जास्त झाला तर प्लग खराब होतो, पण ऑइल कमी पडले तर सगळे मशीनच जाते.

मापात मिसळा

बहुतेक मशीनना ५० ला १ हे प्रमाण चालते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलि, दहा लिटरला २०० मिलि ऑइल. फार जुन्या मशीनना जास्त लागते, ते पुस्तकाप्रमाणे द्यावे. अंदाजाने ओतू नये, माप ठेवावे. आधी थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल घालून कॅन हलवावा आणि मग उरलेले पेट्रोल घालावे.

ऑइलही पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचेच हवे. डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ असे लिहिलेले असते. मोटारसायकलचे टू-टी ऑइल घातले तर रिंगा चिकटण्याची आणि प्लग खराब होण्याची भीती असते.

पंप असेल तर

आधी साध्या गोष्टी बघाव्यात. टाकीच्या झाकणाची रबरी रिंग फुटली तर पावसाचे पाणी आत जाते आणि ऑइल दुधासारखे पांढरे होते. हवेचे छिद्र बुजले तर ऑइल पुढे सरकत नाही. नळी कडक होऊन चिरली, वाकली, जाळीत गाळ बसला, पंपाला जोडलेली अॅक्सिलरेटरची दांडी निसटली, हे नेहमीचे दोष. काही मशीनमध्ये पंप फिरवणारे प्लास्टिकचे दातेरी चाक झिजते. टाकी एकदा रिकामी झाली किंवा नळी बदलली, तर आत हवा अडकते. ती पंपावरचा स्क्रू सैल करून काढावी लागते.

पंपाचा भरवसा नसेल तर ही चाचणी घ्यावी. पेट्रोलच्या टाकीतही ५० ला १ ऑइल मिसळावे, म्हणजे पंप बंद असला तरी मशीनला धोका नाही. ऑइलच्या टाकीवर पातळीची खूण करावी. नदी शांत असताना बोट पाण्यात घालून दहा लिटर पेट्रोल बऱ्यापैकी वेगात जाळावे. खूण जागची हलली नाही तर पंप बंद आहे. हळू वेगात पंप मुळातच कमी ऑइल देतो, हे ध्यानात ठेवावे. पाण्याबाहेर मशीन चालवून बघू नये, थंड करणाऱ्या पंपाचे रबर जळते.

भोंग्यावर विसंबू नये. अनेक मशीनमध्ये तो टाकीतली पातळी तेवढी सांगतो. पंप ऑइल ढकलतो की नाही, हे त्याला कळत नाही. पंप बिघडला असेल तर दुरुस्त होईपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळून चालवता येते. पण ऑइलची नळी नुसती उपटून ठेवू नये, हवा ओढली जाते. ते तोंड मेकॅनिककडूनच बंद करून घ्यावे.

जुने पेट्रोल, नवा धोका

आता पंपांवर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते. वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमध्ये पुरेसे पाणी गेले की पाणी आणि इथेनॉलचा थर तळाला बसतो आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. मशीनची नळी तळातूनच ओढते. म्हणजे माप बरोबर असूनही मशीनला ऑइल मिळत नाही. म्हणून गेल्या वर्षीचे मिश्रण वापरू नये. काम संपल्यावर टाकी व कार्बोरेटर रिकामा करावा, प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवून ठेवावे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडतात, त्या बदलाव्यात.

ग्रामपंचायतीने करावयाचे काम

बोट सरकारी, पण मशीन कुणाच्या अंगावर, हे ठरलेले नसते. गावातल्या दोन जाणत्या तरुणांची नावे ठरवावीत. एक वही ठेवावी. मशीन किती वेळ चालवले, पेट्रोल किती गेले, ऑइल किती गेले, एवढेच लिहावे. ऑइलचा हिशेब चुकू लागला की बिघाड वहीतच दिसतो. मे महिन्यात एक चाचणी आणि पावसाळ्यात महिन्याला एक, एवढे केले तरी पुष्कळ. सरपंच व अधिकाऱ्यांनी येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. पाणी चढायला लागल्यावर मेकॅनिक मिळत नाही.