स्क्वॉशमधील दीर्घ साधना

चार भिंतींच्या आत खेळला जाणारा स्क्वॉश आपल्या देशात दीर्घकाळ मोजक्या क्लबांपुरताच सीमित राहिला. अशा परिस्थितीत चेन्नईच्या जोश्ना चिनप्पा यांची व्यावसायिक कारकीर्द विशेष उल्लेखनीय होय. २००० साली, किशोरवयातच त्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत दीपिका पल्लीकल यांच्यासमवेत त्यांनी दुहेरीचे सुवर्णपदक संपादन केले. भुवनेश्वरी कुमारी यांनी १९७७ ते १९९२ या काळात सलग सोळा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली होती. तो विक्रम जोश्ना यांनी २०१९ मध्ये पुण्यात सतरावे विजेतेपद जिंकून मागे टाकला.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश होत आहे. आदिलाबादसारख्या जिल्ह्यांतील मुलींनाही ही वाट खुली व्हावयाची, तर प्रथम कोर्ट उपलब्ध होणे अगत्याचे आहे.