पंप गच्चीवर, घरघर उशाशी

व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या मंडळींची एक तक्रार मी नेहमी ऐकतो. रात्री कुणी नळ सोडला की उशाशी भिंत घुमू लागते. रास लफ्फानहून रात्रपाळी करून आलेल्याची झोप मोडते, भारतातून आलेले आजी-आजोबा दचकून उठतात आणि शेजाऱ्यांत कुरबुर सुरू होते. दोष मात्र नळ सोडणाऱ्याचा नसतो.

इथे समुद्राचे पाणी गोडे होते, कहरामा ते आपल्या खालच्या टाकीपर्यंत पोचवते. तिथून ते गच्चीवरच्या टाकीत चढते आणि नळाला दाब मिळावा म्हणून गच्चीवर आणखी एक पंप असतो. त्याची मोटर बहुधा मिनिटाला सुमारे 2850 फेरे घेते. ही थरथर हवेपेक्षा स्लॅबमधून आणि पाइपांतून जास्त उतरते. म्हणून पंपाला गोधडी गुंडाळू नका. दोह्याच्या उन्हाळ्यात मोटरच जळायची. पंपाला इमारतीपासून सोडवायचे आहे.

वीज बंद करून पंपाखाली जाड रबरी पॅड घाला. वजनाने ते किंचित दबले पाहिजे. बोल्टलाही रबरी वॉशर हवा, नाहीतर थरथर बोल्टमधून खाली जाते. पंपाच्या दोन्ही बाजूंना लवचीक पाइपचा तुकडा जोडा. पाणी आत घेणाऱ्या बाजूचा मात्र चपटा न होणारा हवा. भिंतीवरच्या क्लॅम्पमध्येही रबर बसवा.

नळ चालू असताना पंप सारखा चालू-बंद होत असेल, तर शेजारची छोटी प्रेशर टाकी तपासा. वीज बंद ठेवून, नळ उघडून दाब उतरवा आणि टायरच्या गेजने हवा मोजा. पंप 1.5 बारला सुरू होत असेल, तर हवा साधारण 1.3 बार हवी. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आले, तर आतला रबरी पडदा फाटला समजा. खडे वाजल्यासारखा आवाज बहुधा पंपाला पाणी अपुरे मिळत असल्याचा. बारीक शिट्टी बेअरिंगची.

इथल्या उन्हात रबर कडक होते, तेव्हा दर उन्हाळ्यानंतर पॅड दाबून पाहा. पंप घरमालकाचा, म्हणून आधी त्याला विचारा. त्याने खर्चाला हात आखडता घेतला, तर सगळ्या घरांनी मिळून वर्गणी काढावी. शेजाऱ्याशी अबोला धरण्यापेक्षा ते खूपच स्वस्त पडते.