अंगणातल्या हौदात काय लावायचं? कमळ चालेल, जलपर्णी नको

बऱ्हाणपूर : बागेत हौद ठेवण्याची हौस या शहराला नवी नाही. ताप्तीच्या पलीकडे झैनाबादेत आहूखान्याची मोगल बाग आजही पाहायला मिळते. आता तीच हौस सिमेंटच्या टाक्यावर, नाहीतर प्लास्टिकच्या मोठ्या टबावर भागवली जाते. टाकं बांधणं सोपं आहे. त्यात काय लावायचं, इथेच बहुतेकांची गफलत होते.

आधी पाण्याचं पाहू. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून ताप्तीकडे झिरपणारं पाणी अडवून कुंडी भंडारा उभा केला. त्या भुयारांच्या भिंतींवर आज चुन्याचे जाड थर दिसतात, त्यामुळे वाट अरुंद होत चालली आहे. म्हणजे या भागातलं जमिनीतलं पाणी जड, चुनखडीचं. कमळ आणि वॉटर लिलीला त्याचं फारसं वावडं नाही. पण मे महिन्यात पाणी झपाट्याने आटतं आणि क्षार मागेच राहतात. म्हणून नुसती भर घालत न बसता अधूनमधून थोडं जुनं पाणी काढून झाडांना घालावं. नवं सिमेंटचं टाकं असेल तर दोन-तीन वेळा भरून रिकामं करावं, मगच झाड आणि मासे सोडावेत. ताज्या सिमेंटचा चुना दोघांनाही मारक असतो.

लहान टाक्याला वॉटर लिली, म्हणजे आपली कुमुदिनी, सगळ्यात बरी. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं, लिलीचं पाण्यावर पसरतं. नर्सरीत फरक ओळखायची ही सोपी खूण. दोन्हींना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. घराच्या उत्तरेला, भिंतीच्या सावलीत टाकं असेल तर फुलांची आशा सोडलेली बरी. लिली पसरट कुंडीत लावून ती कुंडी पाण्यात ठेवावी, वर फूट-दीड फूट पाणी पुरे. माती साधी शेतातलीच. आपली काळी माती चालते, पण ती फार चिकट असेल तर थोडी पोयट्याची माती मिसळावी. वरून बारीक खडीचा थर द्यावा, नाहीतर मासे माती उकरतात. ताजं शेणखत मात्र अजिबात नको. ते पाण्यात सडतं आणि आठवडाभरात टाकं हिरवंगार होतं.

कमळ हवंच असेल तर कंद आणावा. बाजारात पूजेसाठी मिळणाऱ्या कमलगट्ट्यापासूनही रोप होतं, पण त्याचं कवच दगडासारखं कडक. एका टोकाला घासून पाण्यात ठेवलं तरच ते फुटतं. फुलाला पुढच्या वर्षापर्यंत थांबायची तयारी हवी.

काठाला काय लावायचं, याचं उत्तर बहुतेकांच्या घरातच असतं : अळू आणि कर्दळ. दोघांनाही पाय ओले चालतात. वेखंड, नीरब्राह्मी, छत्रीगवतही चांगलं. पाणकणीस दिसायला छान, पण मुळं लांबवर धावतात आणि प्लास्टिकचं अस्तर फोडतात; लावायचंच तर कुंडीत. पाण्याखाली व्हॅलिसनेरियाचं गवत असू द्यावं, शेवाळाचं अन्न तेच खाऊन टाकतं. एकूण निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला की पाणी कमी तापतं आणि शेवाळही आटोक्यात राहतं.

आता जलपर्णीचं. जांभळी फुलं, फुकट मिळते, न लावता वाढते, म्हणून लोक हौसेने आणतात. मूळची ही दक्षिण अमेरिकेची. अनुकूल पाण्यात एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. कोबीसारखी तरंगणारी पिस्तियाही त्याच जातकुळीतली समजावी. त्यांच्या दाट मुळांत डासांच्या अळ्या लपतात, माशांनाही सापडत नाहीत. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा डास घराजवळच्या साठवलेल्या पाण्यातच वाढतो. गप्पी मासे सोडले तरी पाण्याचा मधला भाग उघडा हवा.

खरा प्रश्न पावसाळ्यात येतो. टाकं भरून वाहतं, एखादं रोप गटारात, तिथून नाल्यात आणि मग ताप्तीत. पुढे तीच नदी तापी या नावाने रावेर तालुक्यातून भुसावळजवळच्या हतनूर धरणात जाते. म्हणजे इथल्या अंगणातली हौस खालच्या गावांच्या पाण्यावर बसते. टाक्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावावी. काढलेली जलपर्णी कोरड्या जागी कडक उन्हात पूर्ण वाळवून खतात घालावी, नाल्यात भिरकावू नये. ‘थोडीशीच आहे’ हे कारण इथे लागू पडत नाही.

टाकं खोल असेल आणि घरात लहान मूल असेल तर आधी वरून मजबूत लोखंडी जाळी, मग झाडं. कंद लावायला फेब्रुवारी-मार्च चांगला. ती वेळ हुकली तर लिली पावसाळ्याच्या सुरुवातीलाही लागते, कमळासाठी मात्र पुढच्या फेब्रुवारीची वाट पाहावी.