ड्रोन उडण्याआधी

उत्खननावर ड्रोन जेमतेम दहा-पंधरा मिनिटं उडतो, पण त्याची तयारी अंधारातच सुरू होते. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर चौकोनी खड्डे आखलेले असतात आणि त्यांच्यामध्ये न खणता राखलेले मातीचे बांध. कामावरच्या बायका खुरपीनं तळ हलकेच खरवडतात, मग ब्रशनं झाडत झाडत मागं सरकतात, म्हणजे स्वतःच्या पावलांचा ठसा उरत नाही. घमेली, टिकाव, चपला, पाण्याच्या कळश्या सगळं बाहेर जातं. शेवटी पाण्याचा बारीक फवारा मारला जातो. ओल धरली की चुलीची भाजून लाल झालेली माती वेगळी दिसते, राखेचा करडा पट्टा वेगळा. जिथं कधीकाळी लाकडी मेढी रोवल्या होत्या, तिथं मातीत काळसर ठिपके उमटतात. ते वर्तुळात आले, तर तिथं गोल झोपडी होती. खड्ड्यात उभं राहून हे वर्तुळ सहसा लक्षात येत नाही, वरून मात्र चटकन दिसतं.

सगळी घाई असते ती उजाडल्यावर ऊन पडायच्या आत फोटो घेण्याची. एकदा सूर्य वर आला, की बांधांच्या लांब सावल्या खड्ड्यात पडतात आणि ओलही उडून जाते. ड्रोन फार खाली आणून चालत नाही, कारण पंख्यांचा वारा झाडलेल्या जमिनीवर पुन्हा धूळ पसरवतो. घारी ड्रोनच्या अंगावर येतात, तेव्हा तो मुकाट्यानं उतरवावा हेच बरं.

एक फोटो पुढच्यावर सत्तर-ऐंशी टक्के चढेल असे फोटो घेतात. खड्ड्यांभोवती ठेवलेल्या काळ्या-पांढऱ्या खुणांची जागा टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं आधीच मोजलेली असते. त्यावरून संगणक प्रत्येक बिंदूची जागा आणि उंची काढतो, आणि फोटोवरच भिंतीची लांबी मोजता येते.

वरून फोटो घेणं ड्रोनच्या आधीपासून चालत आलंय. स्टोनहेंजचे फोटो 1906 साली फुग्यातून घेतले होते. मोहेंजोदडोवर 1980च्या दशकात आखेनच्या जर्मन संशोधकांनीही फुगाच वापरला. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आणले. तेव्हा ड्रोन नव्हता, आलेखकागदावर हातानं नकाशे काढले जात. ती सवय मोडू नये असं मला मनापासून वाटतं. रेघ ओढणाऱ्याला एक थर कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, हे ठरवावंच लागतं. कॅमेरा ते ठरवत नाही.

खणलेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. म्हणून उत्खनन करणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक विनंती आहे: अहवालात छापायचे चार देखणे फोटो निवडून बाकीचे एखाद्या हार्ड डिस्कवर पडू देऊ नका. सगळे मूळ फोटो, मोजलेल्या खुणांच्या नोंदींसकट, किमान दोन ठिकाणी जपा आणि अभ्यासकांना खुले करा.