हरणांसाठी बोरी

जालना हे बियाण्यांचं गाव. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि तेव्हापासून आमचं बियाणं देशभर जातंय. मी ज्या बिया जमवतो त्या मात्र पाकिटात मिळत नाहीत. बोर, हिवर, बाभूळ. झाडं गायरानात लावायची, हरणांसाठी.

असं म्हटलं की गावात माणसं चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. हरभरा उगवून वर येतो न येतो तोच काळविटांचा कळप शेंडे खुडून जातो. काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावता येत नाही. पण गायरानं नांगरली, बांधावरच्या बोरी तोडल्या, मग त्या जनावरानं जायचं कुठं? काळवीट मुळात गवतावर जगणारं. गवत वाळलं की शेंगा आणि खाली पडलेली फळं त्याला धकवून नेतात. बोरं थंडीत पिकतात, हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगा ऐन उन्हाळ्यात गळतात.

सगळ्यात हट्टी बी बोराचं. गावरान बोराच्या आठोळ्या धुऊन मिठाच्या पाण्यात टाकायच्या. तरंगतील त्या फेकायच्या. तळाशी बसलेली आठोळी दगडावर उभी धरून हातोडीचा हलका ठोका द्यायचा. जोर जास्त झाला तर आतलं बी चेचतं. नीट फुटली तर चपटं, तपकिरी, चकचकीत बी अख्खं हाती येतं, ते आठवड्याभरात उगवतं. न फोडलेल्या आठोळीला महिना लागू शकतो.

बाभळीचं बी मी शेळ्यांच्या वाड्यातून झाडून आणतो. शेळीच्या पोटातून आलेल्या बीचं कवच मऊ पडलेलं असतं, ते लवकर रुजतं. हरणंही हेच काम रानात करतात. जंगलात चितळ आवळे खातात आणि रवंथ करताना बिया भलतीकडे टाकतात.

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की बी जागेवरच टोकावं, असं माझं ठाम मत आहे. पिशवीत सोटमूळ वळतं, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात सरळ खोल गेलेलं मूळच झाडाला तारतं. भोवती काट्याची फास हवीच, नाहीतर शेळ्या पहिल्याच वर्षी रोप संपवतात. बोर चौथ्या-पाचव्या वर्षी धरते.

झाडं पिकापासून लांब आणि विरळ लावावीत. काळवीट नजरेच्या आणि वेगाच्या भरवशावर जगतं, त्याला मोकळं माळरान लागतं. गायरानाची दाट झाडी केली तर ते तिथून निघून जाईल. वृक्षारोपणाच्या उत्साहात हे कुणी ऐकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वेडी बाभूळ मात्र लावू नका. तिच्या शेंगा काळवीट आवडीनं खातं आणि लेंड्यांतून बी रानभर पसरवतं, मग माळाची दाट झाडीच होते. तिचं रोप पावसाळ्यात, माती ओली असतानाच मुळासकट उपटावं. कोयत्यानं तोडलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं.