नटाचा आवाज खोलीतून का येतो? आरीफ्लेक्स कॅमेऱ्याची गोष्ट

रामनगरात आम्ही जुना मराठी चित्रपट लावला की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. नट नदीकाठी उभा आहे, मग त्याचा आवाज बंद खोलीतून आल्यासारखा का वाटतो? ओठही कधीकधी पुढेमागे होतात. याचं उत्तर बऱ्याच अंशी कॅमेऱ्याच्या मोटारीत आहे.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवायचा होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने घडवलेला कॅमेराही तसाच. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. हात थोडा मंदावला तरी मूकपटात ते खपून जाई. बोलपटात नाही. आवाज आणि चित्र जुळायचं तर सेकंदाला नेमक्या २४ चौकटी हव्यात, आणि हाताला तो नेम जमत नाही. म्हणून मोटार आली. पण मोटार आणि आतली दातेरी चाकं आवाज करतात, त्यामुळे कॅमेऱ्याला जाड आवरण घालावं लागलं. स्टुडिओत ते ठीक होतं. असं धूड घेऊन डोंगर कोण चढणार?

म्युनिकच्या आर्नोल्ड आणि रिश्टर कंपनीने १९३७ साली लाइपझिगच्या जत्रेत आरीफ्लेक्स ३५ मांडला. एरिक केस्टनर यांनी केलेली त्याची रचना आम्हाला आजही फार हुशारीची वाटते. मोटार कॅमेऱ्याखालच्या मुठीतच बसवलेली, म्हणजे मोटार धरली की कॅमेरा धरला. बॅटरी वेगळी, वायरने जोडलेली. पुढे फिरत्या चकतीवर तीन भिंगं. वजन पाच-सहा किलोच्या आसपास.

खरी करामत शटरमध्ये होती. फिल्मपुढे फिरणारी पाकळी हाच आरसा, ४५ अंशांत तिरका बसवलेला. पाकळी बाजूला झाली की प्रकाश फिल्मवर पडतो. पाकळी आडवी आली की तोच प्रकाश चित्रकाराच्या डोळ्याकडे वळतो. त्यामुळे भिंग जे पाहतं तेच चित्रकाराला दिसतं. गंमत अशी, की ज्या क्षणी फिल्मवर चित्र उमटतं त्या क्षणी चित्रकाराला अंधार असतो! शिवाय डोळा नेत्रिकेला घट्ट टेकवून ठेवायचा. काढला तर मागून उजेड शिरून फिल्म खराब होण्याची भीती. पाकळी आडवी असतानाच आतला आकडा फिल्मच्या छिद्रात अडकून तिला चार छिद्रांइतकी, म्हणजे एक चौकट खाली ओढतो. ४०० फुटी डबा साडेचार मिनिटांच्या आत संपतो.

पुढे १९६४ मध्ये आलेला २सी हा त्याचा प्रकार आपल्याकडच्या चित्रपटसृष्टीत वर्षानुवर्षं राबला. तो शिवणयंत्रासारखा घरघरत असे. साध्या मोटारीचा वेग बॅटरी उतरली की घसरे, म्हणून मागच्या काट्यावर सतत लक्ष ठेवायचं. अशा कॅमेऱ्याशेजारी घेतलेला आवाज फार तर संदर्भापुरता. मग नट मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात उभा राहून, पडद्यावर स्वतःचे ओठ बघत तेच संवाद पुन्हा म्हणायचा. नदी, वारा, पाखरंही मागाहून भरायची.

म्हणजे पडद्यावरचा गाव खरा, पण आवाज त्या गावाचा नाही. सुप्याहून धरणामुळे इथे आलेल्या आपल्या लोकांना यातली हळहळ समजावून सांगायला नको. तरीही आम्ही या कॅमेऱ्याला दोष देणार नाही. तो नसता तर कितीतरी खरे रस्ते, बाजार आणि घाट पडद्यावर आलेच नसते, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यांवर भागवावं लागलं असतं.

याच कंपनीने १९७२ मध्ये शांत चालणारा ३५ बीएल काढला. आपल्याकडे मात्र डबिंगची सवय मुरली होती. मोठ्या हिंदी चित्रपटात जागेवरचाच आवाज वापरल्याचा गाजावाजा झाला तो २००१ च्या 'लगान'च्या वेळी.