गिऱ्हाईक पाटीपुढे जे विचारतं, तेच लिहा

मैत्रिणींनो, आमच्या पाचूबंदरच्या बचत गटाने वेबसाइटवर आधी लिहिलं होतं, ‘उत्तम दर्जाचे घरगुती सुके बोंबील’. फोन यायचे, पण ऑर्डर नाही. जो तो विचारायचा, मीठ लावलंय का? पाकीट केवढ्याचं?

मग बाजारात पाटीपुढे गिऱ्हाईक जे विचारतं, तेच आम्ही लिहिलं: ‘बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळवलेले, बिनमिठाचे, अर्ध्या किलोचं पाकीट.’ खाली भाव आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा साठ्यातलाच माल मिळेल, हेही स्पष्ट सांगितलं. वासाचं लपवलं नाही. बोंबलाला वास येणारच! ‘घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा,’ एवढं जोडलं.